शिखर, दृश्य आणि पर्वत : नॅन शेफर्ड यांच्या एका पुस्तकाच्या निमित्ताने

प्रवासवर्णनात एक जागा अशी येते की तेथे बहुतेक लेखकांची लेखणी अडखळते. ती जागा म्हणजे शिखर. पायथ्याची धर्मशाळा, वाटाड्याचा स्वभाव, वाटेतला चहा, दमछाक, पायांत आलेले गोळे, हे सारे लेखक हौसेने सांगतो. मग माथा येतो आणि त्याबरोबर ते ठरलेले वाक्यही येते. वरून दिसणारे दृश्य शब्दांत सांगता येणार नाही, ते प्रत्यक्षच पाहायला हवे, असे म्हणून लेखक उतरणीला लागतो. ज्यासाठी एवढी चढण चढली तेच जर अवर्णनीय असेल तर लेखणी हाती घेतली कशासाठी, असा प्रश्न वाचकाने विचारला तर तो उद्धटपणा ठरू नये. हा दोष आम्ही दुसऱ्यांच्याच पदरी टाकतो असे नाही. तरुणपणी लिहिलेल्या आमच्या दोन-तीन लेखांतही ते वाक्य जसेच्या तसे सापडते.

या अपयशाचे कारण लेखकाची शब्ददरिद्रता हे असते, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानत आलो. एका स्कॉटिश लेखिकेचे लहानसे पुस्तक वाचल्यावर मात त्या समजुतीवर झाली. दोष शब्दांत नसेल, पाहण्याच्या जागेतच असेल, असे वाटू लागले. पर्वत म्हणजे शिखर आणि शिखर म्हणजे तेथून दिसणारे दृश्य, हे समीकरणच मुळात चुकीचे असेल तर? हा प्रश्न ज्या पुस्तकाने आमच्यापुढे ठेवला त्याचे नाव ‘द लिव्हिंग माउंटन’, म्हणजे ‘जिवंत पर्वत’. लेखिका नॅन शेफर्ड.

शेफर्डबाईंचा जन्म १८९३ सालचा, स्कॉटलंडच्या ईशान्येकडील अ‍ॅबर्डीन शहराजवळचा. तेथल्याच विद्यापीठातून त्या १९१५ साली पदवीधर झाल्या आणि शिक्षकांना घडवणाऱ्या तेथल्याच महाविद्यालयात १९५६ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी इंग्रजी साहित्य शिकवले. १९८१ साली त्यांचे निधन झाले. जवळजवळ सारे आयुष्य शहराच्या कडेच्या एकाच घरात गेले. १९२८ ते १९३३ या सहा वर्षांत त्यांच्या तीन कादंबऱ्या आल्या, १९३४ साली कवितांचा संग्रह आला आणि मग त्या जवळपास गप्प झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी हे पुस्तक लिहिले. कादंबरीकार नील गन यांनी हस्तलिखित वाचून त्याची प्रशंसा केली, पण ते छापले जाणे कठीण आहे असेही कळवले. बाईंनी ते कागद खणात ठेवून दिले. ते तेथे तीस वर्षे राहिले. १९७७ साली अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ते प्रसिद्ध केले तेव्हा बाईंचे वय चौऱ्याऐंशी होते.

पुस्तकाचा विषय केअरनगॉर्म नावाची पर्वतरांग. ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, १३४५ मीटरचे, ते पश्चिमेकडे वेगळे उभे आहे. त्याच्या खालोखालची बेन मॅकडुई (१३०९ मीटर), ब्रेरीआख (१२९६ मीटर) आणि केअर्न टूल (१२९१ मीटर) ही तिन्ही शिखरे केअरनगॉर्ममध्ये आहेत. ज्या शिखराचे नाव साऱ्या रांगेला मिळाले ते केअर्न गॉर्म १२४५ मीटरांचे. हिमालय पाहिलेल्या माणसाला हे आकडे क्षुल्लक वाटतील आणि आपल्या कळसूबाईपेक्षाही हे डोंगर ठेंगणे आहेत. पण ही उंची अक्षांशाच्या हिशेबाने मोजावी लागते. तेथे माथ्यावरचे हवामान ध्रुवप्रदेशाच्या जातीचे असते. काही कोपऱ्यांतला बर्फ कित्येक वर्षी उन्हाळाभर वितळत नाही, आणि दुपारी निरभ्र असलेले आकाश तासाभरात माणसाला स्वतःचा हातही दिसू देत नाही. पृथ्वीच्या पोटातून वर आलेला हा ग्रॅनाइटचा एकसंध गोळा. वरचे थर झिजून गेले, हिमनद्यांनी त्याला खरवडले, कडेकडेने दऱ्या कोरल्या आणि लॅरिग ग्रू नावाच्या खिंडीने त्याचे मधोमध दोन भाग केले. त्या खिंडीतून दक्षिणेकडच्या डी नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडच्या स्पे नदीच्या खोऱ्यात जाता येते.

या पर्वताकडे पाहण्याच्या दोन रीती शेफर्डबाईंच्या आधी रूढ झालेल्या होत्या. त्या ध्यानात घेतल्याखेरीज त्यांनी काय केले हे नीट कळत नाही.

पहिली रीत राणीची. व्हिक्टोरिया राणी ७ ऑक्टोबर १८५९ रोजी पती अल्बर्ट आणि नोकरचाकर यांच्यासह बेन मॅकडुईवर गेली, वाटेचा बराच भाग तट्टावर बसून. तिच्या डोंगराळ प्रदेशातील रोजनिशीची निवडक पाने १८६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि फार खपली. त्या लेखनात निर्मळ आनंद आहे, साधेपणा आहे, पण पर्वत तेथे एखाद्या भव्य सज्जासारखा आहे. वर जायचे, धुके सरले तर चारी दिशांना नजर टाकायची, कोणते शिखर कोठे ते सोबत्याला विचारायचे आणि परतायचे. या रीतीचा एक दगडी अवशेष आजही बेन मॅकडुईच्या माथ्यावर आहे. केअरनगॉर्म क्लब या १८८७ साली स्थापन झालेल्या गिरिभ्रमण मंडळाने १९२५ साली तेथे एक दिग्दर्शक बसवला. कोणत्या दिशेला कोणता डोंगर दिसतो हे त्यावर कोरलेले आहे.

दुसरी रीत यादीची. सर ह्यू मन्रो या गृहस्थांनी १८९१ साली स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांहून उंच असलेल्या पर्वतांची कोष्टके प्रसिद्ध केली. तेव्हापासून अशा पर्वताला ‘मन्रो’ असेच म्हणतात. वेळोवेळी मोजणी सुधारत जाऊन आज त्यांची संख्या २८२ ठरली आहे. ते सर्व चढून जाणे हे हजारो लोकांचे जीवनव्रत झाले आहे. खुद्द मन्रो १९१९ साली वारले तेव्हा त्यांची स्वतःची यादी पुरी झालेली नव्हती. नकाशे आणि नोंदवह्या यांच्याशी आमचा नोकरीत जन्मभर संबंध आल्यामुळे मन्रोंबद्दल आम्हांस चेष्टेने बोलवत नाही. मोजणे हीही आदराचीच एक रीत आहे. परंतु नोंदवहीचा एक धर्म असतो. एकदा खूण केली की त्या ओळीकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही.

शेफर्डबाई या दोन्ही रीती नाकारतात, आणि त्या कोणतेही भांडण न करता नाकारतात. पुस्तकाच्या रचनेतूनच तो नकार पुरा होतो. प्रवासवर्णनाचा स्वाभाविक क्रम पायथा, चढण, शिखर, उतरण असा. या पुस्तकात बारा प्रकरणे आहेत आणि पहिल्याच प्रकरणाचे नाव ‘पठार’. म्हणजे वाचक पहिल्या पानावरच माथ्यावर पोचलेला असतो. इतरांचे पुस्तक जेथे संपते तेथे यांचे सुरू होते. नंतरची प्रकरणे आतल्या कोपऱ्यांची, पर्वतसमूहाची, पाण्याची, हिम आणि दहिवराची, हवा व प्रकाश यांची. मग वनस्पती, पशुपक्षी, माणूस. शेवटी झोप, इंद्रिये आणि ‘असणे’. एका ओळीत चढत जाणारी ही मांडणी नाही. पर्वताभोवती फिरत फिरत आत शिरणारी आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी नर्मदेची परिक्रमा केली आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. नदी जिंकायची नसते, तिला उजव्या हाताशी ठेवून चालायचे असते.

बाईंचे पहिले महत्त्वाचे म्हणणे असे की या पर्वताचा खरा माथा म्हणजे त्याचे पठार. नकाशावर नावानिशी दाखवलेली शिखरे ही त्या विस्तीर्ण पठाराच्या अंगावरची केवळ वरखाली झालेली वळणे होत. हे विधान वाचताना आम्ही थांबलो, कारण माळव्यात राहणाऱ्याला ते अनुभवाने पटते. निमाडातून, नर्मदेच्या बाजूने, वर पाहिले की विंध्याची सलग भिंत दिसते. तोच माणूस घाट चढून वर आला की डोंगर नाहीसा होतो, समोर गव्हाची सपाट शेते असतात. मग डोंगर कोठे गेला? तो पायाखाली आहे. आपण त्याच्यावर राहतो, म्हणून तो दिसत नाही. जानापावच्या टेकडीवर चंबळ उगम पावते हे शाळेत शिकलेले आपण किती जण तेथे नुसते पाणी पाहायला गेलो? शेफर्डबाई ब्रेरीआखच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरांहून अधिक उंचीवर, डी नदीच्या उगमाशी जातात आणि पाण्यापाशी बसतात. पाणी दगडातून बाहेर येते आणि वाहू लागते, याहून अधिक काही घडत नाही. तेवढ्यातच त्यांना सारे सापडते. पाण्याचे प्रकरण हे या पुस्तकातील सर्वोत्कृष्ट प्रकरणांपैकी एक आहे, असे आमचे मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : दृश्याचे काय? बाई दृश्याच्या शत्रू नाहीत. तरुणपणी आपण उंचीच्याच ओढीने चढत होतो, थेट माथा गाठत होतो, हे त्या मोकळेपणाने कबूल करतात. पुढे हळूहळू त्यांना ओढ लागली ती पर्वताच्या पोटातल्या जागांची. कोणतेही ठिकाण न ठरवता, एखाद्या मित्राकडे नुसते बसायला जावे तशा त्या पर्वताकडे जाऊ लागल्या. त्या आतल्या जागांपैकी लॉख आन हे सरोवर पाहा. सभोवती उभे कडे, खाली अतिशय नितळ पाणी. जवळची कोणतीही गाडीवाट नाही. बाई आणि त्यांची मैत्रीण उन्हाळ्यात त्या पाण्यात उतरतात. पाणी मांड्यांपर्यंत येते, तळ स्वच्छ दिसत असतो, आणि एकाएकी पुढच्या पावलाशी तळ संपतो. खाली खोल, उजळ, भीतिदायक अशी पोकळी दिसते. पाणी इतके पारदर्शक की खोली नजरेत भरते. शिखरावरून दहा कोसांवरचे डोंगर पाहणाऱ्याला जे मिळत नाही ते येथे दोन हातांच्या अंतरावर मिळते. हेही दृश्यच आहे, पण पाहणारा त्याच्या बाहेर उभा नाही. त्याचे पाय त्यात आहेत आणि जीवही त्यात अडकलेला आहे.

दुसरा एक प्रसंग याहून साधा. मान जरा वेगळी वळवली तरी जग बदलते, असे बाई सांगतात. जमिनीवर डोके टेकवून पाहावे, किंवा पाय फाकवून, वाकून, दोन्ही पायांमधून उलटे पाहावे. परिचित दरी क्षणात नवी होते. प्रत्येक वस्तू स्वतःच्या जागी, स्वतःच्या हक्काने उभी दिसते आणि पाहणाऱ्याभोवती जग रचलेले आहे ही भावना नाहीशी होते. इंग्रजी साहित्याच्या एका प्राध्यापिकेने डोंगरावर ओणवे होऊन पायांमधून पाहावे, आणि ते गंभीरपणे लिहावे, यात एक निर्भय निरागसपणा आहे. राणीच्या सज्जाला याहून नेमके उत्तर कोणते? दिग्दर्शकाच्या दगडावर पाहणारा केंद्रस्थानी असतो आणि सारे डोंगर त्याच्या भोवती कोरलेले असतात. बाई त्या केंद्रातून पाहणाऱ्याला बाहेर काढतात.

डोळ्यांची मिरास मोडणे हा या पुस्तकाचा एक मोठा उद्योग आहे. इंद्रियांच्या प्रकरणात कानाला येणारी निःशब्दता आहे, पावसानंतर बर्च आणि पाइन या झाडांचा बदलणारा वास आहे, अनवाणी चालताना पायाखाली येणारी हेदरची झुडपे आणि ऊन लागलेला चिखल आहे. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी गोठते कसे, वाहत्या पाण्याचा आणि थंडीचा झगडा बर्फाला कोणते आकार देतो, हे त्या दिवसभर ओढ्याशी थांबून पाहतात. झोपेच्या प्रकरणात तर पठारावर झोपी जाणे आणि जागे होताना क्षणभर आपण कोठे आहोत याचे भानच नसणे, हा पर्वत जाणण्याचा एक मार्ग म्हणून येतो. डोळे मिटूनही पर्वत कळतो, हे म्हणण्याचे धाडस आमच्या पाहण्यातल्या दुसऱ्या कोणत्याही गिरिवर्णनात नाही.

या लेखनाची भाषा कशी आहे? विशेषणे थोडी, क्रियापदे नेमकी. ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘रम्य’ या शब्दांवर त्या भार टाकत नाहीत. वस्तू काय करते ते सांगतात. धुके कसे सरकते, प्रकाश कडा कशी कापतो, हरणांचा कळप बर्फावर कसा उमटतो, एवढेच. स्थानिक बोलीतील आणि गेलिक भाषेतील शब्द त्या संकोच न करता वापरतात, कारण त्या मातीतील वस्तूंना त्या मातीतलीच नावे आहेत. येथे आम्हांस दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची आठवण झाली. १९५६ सालच्या त्या पुस्तकात दुर्गाबाईंनी बारा महिन्यांचे सूत्र घेतले, शेफर्डबाईंनी बारा प्रकरणांत पंचमहाभूतांसारखे सूत्र घेतले. दोघींच्याही लेखनात अभ्यास आणि आनंद यांचे एकमेकांशी वैर नाही. फरक एवढाच की दुर्गाबाईंचे झाड लोककथा, संस्कृत काव्य आणि आठवणी यांच्या गोतावळ्यात उभे असते, तर शेफर्डबाईंचा दगड एकटा असतो. मराठी वाचकाला हा एकटेपणा प्रथम बोचतो. आपल्याकडे डोंगर म्हटला की त्यावर गड हवा, गडाला इतिहास हवा. गो. नी. दांडेकरांच्या लेखनातून आपण डोंगर चढलो ते महाराजांचे बोट धरून. ज्या डोंगराला सांगण्यासारखा राजा नाही त्यावर काय पाहावे, हे शेफर्डबाई आपल्याला शिकवतात. ते शिकणे आपल्या वाङ्मयाच्या हिताचे आहे.

येथवर आम्ही स्तुतीच केली. आता ज्या दोन-तीन आक्षेपांचा विचार केल्याशिवाय या पुस्तकाला न्याय मिळणार नाही, त्यांच्याकडे वळतो.

पहिला आक्षेप गंभीर आहे. पर्वताच्या आनंदाचे असे वर्णन वाचून एखादा तरुण अपुऱ्या तयारीने निघाला आणि परतला नाही, तर त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न काल्पनिक नाही. १९३३ सालच्या जानेवारीत दोन तरुण मुलगे या पर्वतात वादळात सापडून मरण पावले. लॉख आनच्या वरच्या अंगाला शेल्टर स्टोन नावाची एक प्रचंड शिळा आहे, तिच्याखाली लोक रात्रीचा आसरा घेतात. तेथल्या वहीत त्या मुलांनी निघण्यापूर्वी आपला आनंद लिहून ठेवला होता. बाई त्या नोंदीचा उल्लेख करतात. १९७७ च्या प्रास्ताविकात त्या आपल्या एका विद्यार्थिनीबद्दल लिहितात. ती बर्फात हातांवर नि गुडघ्यांवर रांगत गेली आणि फार उशिरा सापडली. तिचा प्रसन्न चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे, असे बाई म्हणतात. १९७१ सालच्या नोव्हेंबरात तर एडिंबरोच्या एका शाळेतील पाच मुले आणि त्यांच्याबरोबरची एक तरुण साहाय्यक मार्गदर्शक याच पठारावर हिमवादळात गारठून मृत्यू पावली. ब्रिटनच्या गिर्यारोहणाच्या इतिहासातील ती अत्यंत दुःखद घटना समजली जाते.

बाई या मृत्यूंना काव्यात बुडवत नाहीत. ती त्यांची पहिली सचोटी. पर्वत दयाळू आहे असे त्या एकदाही म्हणत नाहीत, तो क्रूर आहे असेही म्हणत नाहीत. दोष कोठे झाला, हवामानाचा अंदाज कोठे चुकला, हे त्या शिक्षिकेच्या स्पष्टपणाने सांगतात. पण दोष काढून झाल्यावरही त्या मुलांच्या आनंदाला त्या खोटे ठरवत नाहीत. वहीतली ती नोंद खरीच होती आणि मृत्यूही खरा. या दोन सत्यांपैकी एकाने दुसऱ्याला पुसू नये, ही त्यांची भूमिका आहे. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांना ती पुरेशी वाटेल का, हे आम्हांस सांगता येत नाही. पण लेखिकेने प्रश्न टाळला, असा आरोप तिच्यावर करता येणार नाही. ‘जिवंत पर्वत’ या नावातील ‘जिवंत’ हा शब्द आम्हांला येथे प्रथम कळला. जे जिवंत असते त्याच्याशी वागताना धोका पत्करावाच लागतो.

दुसरा आक्षेप जमिनीच्या मालकीचा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दिसणारा एकांत हा सारा निसर्गदत्त नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कित्येक खोऱ्यांतील कुळे उठवण्यात आली, आधी मेंढ्यांसाठी आणि मग हरणांच्या शिकारीच्या राखीव रानांसाठी. याच पर्वताच्या दक्षिणेकडील ग्लेन लुई आणि ग्लेन ई या खोऱ्यांत उजाड घरांची जोती अजून दिसतात. राणीने ज्या रिकाम्या निसर्गाचा आनंद घेतला तो पुष्कळ अंशी रिकामा केलेला निसर्ग होता. शेफर्डबाईंना हे ठाऊक नसेल असे संभवत नाही. ‘माणूस’ या प्रकरणात त्या पर्वताच्या पायथ्याशी कष्टाने शेती करून राहणाऱ्या कुटुंबांचे, त्यांच्या अगत्याचे आणि खडतर दिनक्रमाचे चित्र उत्तम काढतात. युद्धासाठी तोडलेली पाइनची झाडे आणि पठारावर कोसळलेले विमान हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मात्र जमीन कोणाची, कोणी घेतली, हे मात्र या पुस्तकात जवळपास अबोल राहते. वास्तविक त्या मुद्द्याचा धागा त्यांच्याच हाती होता. पहिल्यांदा या पर्वतात शिरताना मनात धाकधूक होती, जणू आपण फळे चोरायला निघालो आहोत, असे त्या स्वतःच सांगतात. डोंगरावर पाऊल टाकणे हा अपराध वाटावा, हा अपराधभाव कोठून आला? तो धागा त्या सोडून देतात. स्कॉटलंडच्या संसदेने २००३ सालच्या कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, सर्वांना डोंगररानांत फिरण्याचा हक्क दिला आणि त्याच वर्षी केअरनगॉर्म राष्ट्रीय उद्यान झाले. त्या कायद्याने जे दिले त्याची गरज या पुस्तकातील त्या भीतीत आधीच दिसते. ही उणीव आम्ही मोठी मानतो. महसुलाच्या कागदांत आयुष्य घालवलेल्या माणसाला ती अधिक दिसते, हेही मान्य करतो.

तिसरा आक्षेप शेवटच्या प्रकरणाबद्दल, पण तो बाईंपेक्षा त्यांच्या वाचकांवर अधिक लागू होतो. ‘असणे’ या प्रकरणात बाई म्हणतात की तासन्‌तास चालत राहिल्यावर शरीराचे जडपण नाहीसे होते पण शरीर नाहीसे होत नाही, आणि पर्वताला जाणणे व स्वतःला जाणणे ही एकच क्रिया होते. अगदी शेवटी त्या बौद्धांच्या पर्वतयात्रेचा उल्लेख करतात. भारतीय वाचक हे वाचून सुखावतो आणि लगेच अद्वैताचा शिक्का मारून मोकळा होतो. आमच्या एका अभ्यासू स्नेह्यांनी पुस्तक चाळून नेमके हेच केले. आम्हांस हा उतावळेपणा वाटतो. बाईंच्या अनुभवात देह मिथ्या नाही, जग माया नाही. उलट पायाला टोचणारा खडा जितका खरा तितकाच तो अनुभव खरा. आपल्याकडे दुसऱ्याच्या अनुभवाला आपले जुने नाव दिले की तो अनुभव समजला असे मानण्याची खोड आहे. पाश्चात्त्य समीक्षकांचीही आपली खोड आहे. रॉबर्ट मॅकफर्लन यांनी २०११ च्या आवृत्तीला लिहिलेली प्रस्तावना मोठ्या आस्थेची आहे. त्यांनी बाईंच्या विचाराचे नाते मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १९४५ सालच्या ग्रंथाशी जोडले. तुलना उद्बोधक आहे. पण बाईंना ना फ्रेंच तत्त्वज्ञाच्या दाखल्याची गरज आहे, ना आपल्या उपनिषदांच्या. त्या तेथे चालून गेल्या, हाच त्यांचा दाखला.

पुस्तकाचे पुढचे भाग्य एका कारणाने उपरोधाचे वाटते. तीस वर्षे खणात पडलेले हे लेखन आज जगभर वाचले जाते. २०१६ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने काढलेल्या पाच पौंडांच्या नोटेवर बाईंचा चेहरा आला. आता त्यांच्या वाटेने जाणाऱ्यांची संख्या एवढी वाढली आहे की त्या ज्या एकांतात पाण्याशी बसल्या तो एकांत त्यांच्याच पुस्तकामुळे कमी होत असेल. उद्या कोणी ‘शेफर्डबाईंनी पाहिलेल्या बारा जागा’ अशी यादी काढली आणि लोक खुणा करीत निघाले, तर मन्रोंच्या कोष्टकाला आणखी एक पुरवणी जोडली जाईल. कोणतेही चांगले प्रवासवर्णन शेवटी यादीत रूपांतरित होण्याचा धोका असतोच. बाईंनी १९७७ च्या प्रास्ताविकात बुलडोझर, बर्फावरच्या खेळांसाठी बसवलेले पाळणे, उपाहारगृहे असे तीस वर्षांतील बदल नोंदवले, पण त्यांवर आक्रोश केला नाही. या साऱ्याच्या खाली पर्वत आहेच, एवढा विश्वास त्यांनी व्यक्त केला. त्या विश्वासाची बरोबरी करण्याएवढे मनाचे बळ आमच्यापाशी नाही, हे नमूद करतो.

एक प्रश्न उरतो आणि तो आमच्यावरच येतो. जो पर्वत आम्ही पाहिला नाही, आणि गुडघ्यांची सद्यःस्थिती पाहता पाहणारही नाही, त्याविषयीच्या पुस्तकावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? शिखरावरचे दृश्य हेच जर पर्वताचे सार असेल तर नाही. शिखरावर न गेलेल्याने मुकाट्याने बसावे. पण या पुस्तकाचे म्हणणे खरे असेल तर पर्वताशी जवळीक होण्यासाठी उंच जावेच लागते असे नाही. एकच जागा पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या ऋतूंत, निरनिराळ्या इंद्रियांनी पाहावी लागते. बाईंनी जग पाहिले असेल, पण लिहिले ते घराजवळच्या एका पर्वताविषयी. तीन-चार पिढ्यांपूर्वी घाट चढून या पठारावर स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांनी मुळच्या गावाच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या, चार धामांची आणि परदेशांची प्रवासवर्णनेही लिहिली. ज्या पठारावर आपण जन्मलो त्याच्या काळ्या मातीविषयी, ओढ्यांविषयी, घाटाच्या कडेविषयी आपण जवळजवळ काही लिहिले नाही. ते आपल्या पायाखाली होते म्हणून दिसले नाही.

‘द लिव्हिंग माउंटन’ हे निर्दोष पुस्तक नाही, पण मोठे पुस्तक आहे. शंभरएक पानांत ते पर्वत दाखवते आणि पाहण्याची सवयही मोडते. आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात त्याची प्रत ठेवली आहे. सभासदांनी ती न्यावी. परत करताना एवढेच करावे, की येत्या पावसाळ्यात एकदा पाताळपाणीच्या किंवा जाम दरवाजाच्या बाजूला जावे, छायाचित्र काढण्याआधी तासभर नुसते बसावे आणि मग जे सुचेल ते या पत्रिकेकडे पाठवावे. ‘अवर्णनीय’ हा शब्द मात्र त्यात नसावा.